पाडव्याला कूळ मालक झालं: करंजाच्या सातबाऱ्यातले वसंत



या वेळची नोंद पिकाची नाही, तारखांची आहे. चैत्र लागला की आमच्या करंजाच्या खारीत बघण्यासारखं काही उरत नाही. भात कधीच घरात आलेलं, वाल झोडून झालेला, जमीन भेगाळलेली, आणि भेगांच्या कडेला मिठाचा पांढरा पापुद्रा. कामं म्हणाल तर राब भाजायचा, उघाडीची फळी तपासायची, आणि उधाणानं खचलेल्या बांधावर पावसाआधी माती चढवायची. बाकी दिवस मोकळे. कागद बाहेर काढून बसायला हाच महिना बरा.

मी घरचे जुने कागद लावायला बसलो, आणि एक गोष्ट नजरेत भरली. आपल्या जमिनीचं नशीब ज्या तारखांनी बदललं, त्यातल्या बऱ्याच मार्च ते मे याच टापूत येतात. पंचांगातला वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. मी अलीकडे-पलीकडे थोडी सवलत घेतलीय. प्रत्येक तारखेमागे कारण एकच आहे असं मी म्हणत नाही. पण दोनतीन ठिकाणी हंगामाचा हात स्पष्ट दिसतो. तेच क्रमानं मांडतो.

१७ मे १७८२: न विचारता लिहिलेलं नाव

करंजा तेव्हा बेट होतं. एका अंगाला मुंबईचं बंदर, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये द्रोणागिरीचा डोंगर. आधी पोर्तुगीज, मग मराठे. नंतर रघुनाथराव पेशवाईसाठी इंग्रजांच्या दारात गेले आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं ते तिथून. पुढच्या वर्षी १ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह झाला, तोही टिकला नाही. वडगावला इंग्रजांनी मार खाल्ला, तरी लढाई चालूच राहिली.

शेवटी १७ मे १७८२ ला ग्वाल्हेरजवळ सालबाई इथे तह झाला. मराठ्यांच्या बाजूनं महादजी शिंदे, इंग्रजांच्या बाजूनं डेव्हिड अँडरसन. इंग्रजांनी जिंकलेला बराच मुलूख परत दिला, वसईसुद्धा सोडली. पण साष्टी आणि तिच्यासोबत तीन लहान बेटं स्वतःकडे ठेवली. त्या तिनांतलं एक घारापुरी, आणि एक आपलं करंजा.

नकाशावर बोटाच्या पेराएवढी जागा. पण ती मुंबईच्या बंदराच्या तोंडाशी होती, म्हणून इंग्रजांनी सोडली नाही. इथं भात पिकवणाऱ्याला आणि मिठागरात राबणाऱ्याला कुणी विचारलं नाही. त्याला कळलं ते पुढच्या सुगीला, सारा मागायला दुसराच माणूस आला तेव्हा.

यात हंगाम कुठे? त्या काळी मोहिमा दसऱ्याला सुरू होत आणि पावसाआधी आटोपत. पावसाळ्यात ना घोडदळ चालायचं, ना गलबतं. त्यामुळे लढाईचा हिशोब उन्हाळ्यात व्हायचा. मे महिन्यातला तह म्हणजे ढग यायच्या आत केलेली आवराआवर, आपण गवत-पेंढा झाकून घेतो तशी. यावर नाना फडणिसांची संमती यायला मात्र वर्षअखेर उजाडली.

२० मार्च १९२७: पाणी कुणाचं

दुसरी तारीख आपल्याच जिल्ह्यातली, महाडची. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं; रायगड हे नाव १९८१ पासूनचं. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेला आलेल्या लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानं १९२३ लाच केला होता. महाड नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. कागदावर हक्क होता, पाण्यापर्यंत पोचायची सोय नव्हती.

पुढे प्रकरण कोर्टात गेलं. तळं खाजगी आहे, असा दावा. दहा वर्षं चाललं. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयानं निकाल आंबेडकरांच्या बाजूनं दिला. म्हणजे हक्काची सुरुवात एका मार्चमध्ये आणि शिक्का दहा वर्षांनी दुसऱ्या मार्चमध्ये.

शेतीच्या पानावर हे कशाला, असं कुणाला वाटेल. दोन कारणं. एक म्हणजे कोकणात मार्चमध्ये पाणी ही काय चीज होते, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. दुसरं कारण माणसांचं. महाडच्या कामात पुढे असलेले अनंतराव चित्रे आणि सुरेंद्रनाथ टिपणीस ही नावं पुढे कोकणातल्या कुळांच्या आणि खोतीविरोधी लढ्याजवळ परत दिसतात. स्वतः बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पाण्याचा प्रश्न आणि जमिनीचा प्रश्न या जिल्ह्यात एकाच वाटेनं चालत आले.

त्याच वाटेवर अलिबाग तालुक्यातलं चरी आहे. तिथला संप ऑक्टोबर १९३३ मध्ये सुरू झाला, म्हणजे वसंतातला नाही, पण तो सोडून पुढे जाता येत नाही. नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानं कुळांनी ठरवलं की खोताची जमीन कसायची नाही. पंचवीस गावं, जवळपास सहा वर्षं. जमिनी ओस पडल्या, लोकांनी मोळ्या विकल्या, करवंदं विकली, पण नांगर धरला नाही. खारीचा बांध कुळानं घालायचा, उधाणानं फोडला तर कुळानंच सांधायचा, आणि भात अर्धं खोताच्या खळ्यावर. वर नजराणा, वेठ वेगळी. १९३९ मध्ये सरकारला कुळांसाठी पहिला कायदा करावा लागला, त्याच्यामागे हा संप होता. ‘संरक्षित कूळ’ हा शब्द आपल्या दप्तरात तेव्हा आला.

६ एप्रिल १९३०: मिठाचा मोसम

दांडी सगळ्यांना पाठ आहे. १२ मार्च १९३० ला साबरमतीहून निघून ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. मिठावर तेव्हा मणाला सव्वा रुपया कर होता. मे महिन्यात आपल्या कोकणात शिरोड्याला सत्याग्रह झाला. गुजरातेत धरासणा, मुंबईत वडाळा.

आता मिठागर पाहिलेल्या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट लगेच येते. हे सगळं एप्रिल-मे मध्येच का? कारण मीठ तेव्हाच पिकतं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हानं दाट करायचं, आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरलं की फळीनं ओढायचं. आमच्या उरण भागातल्या मिठागरांत पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं. पहिला पाऊस पडला की मिठाचा मोसम संपला. पाऊस पडल्यावर मिठाचा कायदा मोडायला मीठच उरत नाही.

म्हणून त्या वर्षी पावसाळ्यापासून महाराष्ट्रात जंगल सत्याग्रह सुरू झाले. गवत वाढतं, लाकूड तोडायचे दिवस येतात, तेव्हा जंगलाचा कायदा मोडायचा. आमच्या उरण तालुक्यातलं चिरनेर त्यातलंच. २५ सप्टेंबर १९३० ला अक्कादेवीच्या माळावर गोळीबार झाला आणि ८ सत्याग्रही गेले. त्यात नाग्या महादू कातकरी होता. मीठ उन्हाळ्यात, जंगल पावसाळ्यात. चळवळीचं वेळापत्रक शेतकऱ्याच्या वेळापत्रकावर बसवलेलं होतं, म्हणून ती गावात उतरली.

मीठकर पुढे गेला तोही वसंतातच. १९४७ च्या मार्चमध्ये, स्वातंत्र्याच्या काही महिने आधी, हंगामी सरकारनं तो रद्द केला.

१ एप्रिल १९५७: कसेल त्याची जमीन

आता मुख्य तारीख. ज्या घरात कुळाची जमीन आहे त्या प्रत्येकानं ही पाठ करावी.

१९४८ मध्ये मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. त्यानं खंडाला मर्यादा घातली: जिरायतीला पिकाचा तिसरा हिस्सा, बागायतीला चौथा, त्याहून जास्त घ्यायचा नाही. अर्धलीची सवय असलेल्या कुळाला हे मोठंच होतं. पण मालक मालकच राहिला. मग १९५६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि कलम ३२ आलं. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’. त्या दिवशी जो कूळ म्हणून कायदेशीर जमीन कसतो आहे, त्यानं ती जमीन विकत घेतली असं मानलं जाईल. अर्ज नाही, खरेदीखत नाही. तारीख उजाडली की मालकी बदलली. अपवाद होते. मालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल तर तिथे तारीख पुढे गेली. लहान मालकांना वेगळी सवलत होती. पण नियम हा.

मी पंचांग काढून पाहिलं. १ एप्रिल १९५७ ला सोमवार होता, आणि तिथी चैत्र शुद्ध प्रतिपदा. गुढीपाडवा, शके १८७९ चा पहिला दिवस. कायदा करणाऱ्यांनी ही तिथी पाहून तारीख ठरवली असं मी म्हणणार नाही, एक एप्रिल हा सरकारी वर्षाचा पहिला दिवस असतोच. पण घाटावर सालगड्याचं साल पाडव्याला संपतं आणि पाडव्यालाच नवं ठरतं. अशा दिवशी कुळाचं साल कायमचं फिटलं.

आदला दिवस मात्र भीतीचा होता. मालकाला स्वतः कसायला जमीन हवी असेल तर ३१ डिसेंबर १९५६ च्या आत कुळाला नोटीस आणि ३१ मार्च १९५७ च्या आत अर्ज, अशी कायद्यात तरतूद होती. म्हणजे त्या हिवाळ्यात आणि त्या शिमग्यात घरोघर एकच विचारणा: तुला कागद आला काय? आमच्या आजाच्या तोंडून मी हे ऐकलंय. तो म्हणायचा, “होळीचा नारल फोरला, पन डोका ठिकानावर नव्हता.” भात झोडून झालेलं, काम नाही, आणि पुढच्या पावसाला आपण या जमिनीत असू की नसू ते ठाऊक नाही. ज्यांनी कुळाला दमात घेऊन किंवा गोड बोलून ‘जमीन राजीखुशीनं सोडली’ असं लिहून घेतलं, ते बहुतेक याच मोकळ्या दिवसांत.

राजकारणही तापलेलं होतं. द्वैभाषिक मुंबई राज्य, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, आणि नुकतीच निवडणूक होऊन संयुक्त महाराष्ट्र समितीनं पश्चिम महाराष्ट्रात मुसंडी मारलेली. पनवेलमधून शेकापचे दि. बा. पाटील पहिल्यांदा आमदार झाले ते याच निवडणुकीत.

एक एप्रिलला मालकी बदलली, पण काम तिथून सुरू झालं. कलम ३२-ग खाली शेतजमीन न्यायाधिकरण कुळाला आणि मालकाला बोलवायचं. कुळाला विचारायचं, जमीन विकत घ्यायला तयार आहेस का? हो म्हटलं तर किंमत ठरायची: आकाराच्या २० पट ते २०० पट यांच्या मधे. समजा, आकार ५ रुपये, तर १०० ते १००० रुपये. त्यात थकलेला खंड आणि मालकानं केलेल्या विहिरी, झाडं, बांध यांची किंमत धरायची.

खारीत इथंच अडलं. मालक म्हणणार बांध माझा, कूळ म्हणणार बांध माझ्या बापानं घातला. भरतीच्या पाण्यात उभं राहून, चिखलाचे गोळे हातोहात देत, अख्ख्या गावानं घातलेला बांध. त्याचा कागद कुणाकडे असणार? खारबांधाचा इतिहास कुणी लिहून ठेवला नाही याची किंमत कुळांनी रोख मोजलीय.

किंमत एकरकमी भरायची किंवा जास्तीत जास्त बारा वार्षिक हप्त्यांनी. सगळी भरली की कलम ३२-म चं प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र म्हणजे खरेदीचा पक्का, निर्णायक पुरावा. आणि ‘नको’ म्हटलं, हजर राहिला नाही, किंवा हप्ते थकले, तर खरेदी निष्प्रभावी होऊ शकते आणि ३२-प खाली जमिनीची विल्हेवाट सरकार लावतं.

आमच्या घरात आजाच्या ट्रंकेत हप्त्यांच्या पावत्या आहेत, सुतळीनं बांधलेल्या. शेवटच्या पावतीच्या खाली ३२-म चा कागद. आमच्या चुलत घराण्याकडे निवाडा आहे, हप्ते भरल्याचं सगळे सांगतात, पण ३२-म नाही. कुणी काढलंच नाही. साठ वर्षं कुणाचं अडलं नव्हतं. मग मोठ्या रस्त्याची मोजणी आली आणि मोबदल्याची यादी लागली तेव्हा त्यांच्या नावापुढे ‘कागदपत्र अपूर्ण’ असा शेरा. तीन वर्षं झाली. कसणारे तेच, भरणारे तेच, आणि दाखवायला एक पान नाही.

आणखी एक. त्या वेळच्या फेरफारात नाव आलं ते घरातल्या थोरल्याचं, आणि पुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्या तीन अक्षरांच्या मागे धाकटे भाऊ गेले, बहिणी गेल्या. लावणी-कापणीला आजी आजाच्या बरोबरीनं चिखलात होती, तिचं नाव एकाही पानावर नाही. कायद्यानं ‘कसेल त्याची’ म्हटलं. ‘कसेल तिची’ लिहायला तलाठ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेरच्या वाचकांसाठी: ही तारीख पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणाची. विदर्भाचा कायदा १९५८ चा, तिथली तारीख १ एप्रिल १९६१. मराठवाड्यात निजामाच्या काळानंतरचा हैदराबादचा १९५० चा कायदा. तुमच्याकडचं कलम वेगळं असेल.

१७ मार्च १९७०: मालक झाल्यावर तेरा वर्षांनी

बारा हप्त्यांचा हिशोब करा. १९५७-५८ ला निवाडा झाला असेल तर शेवटचा हप्ता १९७० च्या आसपास येतो. आणि १७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी. कितीतरी घरांत शेवटची पावती आणि संपादनाची नोटीस पाठोपाठ आली असणार.

चरीत खोताशी लढून, १९५७ ला मालक होऊन, हप्ते फेडून जी जमीन नावावर आली ती एका पिढीलाही नीट पुरली नाही. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बां.च्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात ५ शेतकरी गेले. त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं आणि पुढे ती योजना झाली. पण तो भूखंड मिळाला कुणाला? ज्याचं नाव कागदावर होतं त्याला. १९५७ चा कागद १९९० नंतरच्या भूखंडाला लागला.

दोन वर्षांनी, १८ मे १९७२ ला, दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ झालं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रातून खारीत तग धरणाऱ्या ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ या भाताच्या जाती आल्या. आमच्या बांधाआड आजही त्या दिसतात. पनवेलच्या नावाचं बियाणं टिकलं, पनवेलची खार मात्र भरावाखाली चाललीय.

या महिन्यात करायचं काम

आता अटल सेतू झालाय, रेवस-करंजा पुलाचं काम चालू आहे, विरार-अलिबाग मार्गाच्या मोजण्या होतायत. परत कागद मागणार. म्हणून बांधाच्या कामाबरोबर एवढं उरका:

१) सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना नीट वाचा. ‘कूळ’ म्हणून नाव, ‘३२-ग’ची नोंद किंवा ‘कलम ४३ ला अधीन’ असं काही आहे का बघा.

२) जुना फेरफार काढा, १९५७ ते १९७० चा. तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल मिळते. फेरफार क्रमांक जुन्या सातबाऱ्यावर वर्तुळात असतो.

३) ३२-ग चा निवाडा आहे पण ३२-म नाही, तर तहसीलदारांकडे अर्ज करून विचारा. पावत्या असतील तर त्यांच्या प्रती काढून ठेवा, मूळ पावती हातातून सोडू नका.

४) ३२-म मिळून दहा वर्षं झाली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीनं कलम ४३ ची अडचण सुटते: आकाराच्या ४० पट नजराणा भरला की विक्रीसाठी वेगळी परवानगी लागत नाही. हे विका म्हणून सांगत नाही. माहीत असावं म्हणून सांगतोय, कारण ते माहीत नसलेल्याकडून दलाल भलत्याच रकमा मागतात.

५) ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर मागे कोण कोण होतं ते घरात म्हातारं माणूस आहे तोवर लिहून घ्या. आत्या, आजी, मावस-चुलत, सगळी. वारसनोंद करताना बहिणींना वगळू नका.

आणि खारीवाल्यांनो, आपला बांध कुणी, कधी, किती माणसांनी घातला, कोणत्या उधाणाला कुठे फुटला, हेही एका वहीत टिपून ठेवा. फोटो काढा, खाली तारीख घाला. १९५७ ला हा पुरावा कुणापाशीच नव्हता.

तुमच्या घरात ३२-म चा कागद असेल तर तो कोणत्या वर्षाचा आहे, किंमत किती ठरली होती, किती हप्ते पडले, ते खाली लिहा. नाव-गट नंबर लिहू नका, वर्ष आणि रक्कम पुरे. गावागणिक आकडे जमले की पुढच्या नोंदीत एकत्र मांडतो. तोवर मी बांधावर आहे. पुनवेचं उधाण यायच्या आत उत्तरेकडचं खिंडार बुजवायचंय.